उद्याचा इंटरव्ह्यू आजच झाला

इंटरव्ह्यू उद्या मुंबईत आहे, रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने निघायचंय, पण खरं सांगायचं तर तो आज दुपारीच रत्नागिरीत उरकला, भर दुकानात, लोकांसमोर, आणि माझं डोकं अजून तापलेलंय.

कंपनीचा मेल आला की रेझ्युमेच्या चार कॉप्या आणा. अहो, तोच रेझ्युमे तुमच्या साइटवर टाकला, वर त्यातलीच सगळी माहिती परत तुमच्या रकान्यांत भरली, तरी चार कॉप्या? असो. पेनड्राईव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले, काकांनी फाईल उघडली आणि लाईट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, प्रिंटर नाही. म्हणजे स्क्रीनवर माझा रेझ्युमे उघडा, काकांना वेळच वेळ, आणि बाहेर पाऊस असा की गिऱ्हाईकं जागची हलेनात.

काकांनी मोठ्याने वाचायला घेतलं.

"ऑब्जेक्टिव्ह, टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून, "हे वाक्य माझंच. सगळ्यांना मीच घालून देतो."

"हॉबीज, रीडिंग. आपलं नगर वाचनालय १८२८ सालचं. आमची ही रोज जाते, तिला कधी दिसली नाहीस ती?"

सात-बाराच्या झेरॉक्ससाठी बसलेल्या एका आजींनी माझी बाजू घेतली. "मोबाईलवर वाचत असेल हो ती." मग मला हळूच, "पत्रिका जोडल्येस ना गो?"

"एक्स्पेक्टेड सॅलरी, अ‍ॅज पर कंपनी नॉर्म्स. म्हणजे आंबा दलालाकडे पाठवलास, आता विक्रीची पट्टी येईल ती खरी." यावर अख्खं दुकान हसलं. मीही हसले, काय करणार, कॉप्या त्यांच्याकडूनच काढायच्या होत्या.

आणि मग ते आलं. "२०२३ च्या मार्चपासून पुढच्या जूनपर्यंत काय केलंस? इथे रिकामं दिसतंय."

"बाबांना बागेत मदत केली," मी म्हटलं. "फवारणीचा हिशेब, गडी बघणं, पेट्या भरून घेणं, वाशीला गाडी लावणं."

"मग हे का नाही लिहिलंस?" असं म्हणून मला न विचारता त्यांनी टाईप केलं, सप्लाय चेन मॅनेजमेंट, जीआय मानांकित हापूस. "हे भौगोलिक मानांकन २०१८ ला मिळालं, विचारलंन कोणी तर ठोकून सांगायचं."

"यंदा फळ किती धरलं ते मात्र सांगू नकोस," दारातला रिक्षावाला म्हणाला, "पगार कापतील."

मला त्या घडीला थिबा राजाचा हेवा वाटला. ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी १८८६ ला इथे आणून ठेवला तो १९१६ ला मरेपर्यंत इथेच. तीस वर्षं हाताला काम नाही, वर पेन्शन, आणि १९१० मध्ये तर राजवाडाही बांधून दिला. (कैदच होती ती, मान्य.) पण त्याला कोणी विचारलं नाही की बाबा रे, एवढी गॅप कशी? आम्ही सव्वा वर्षाचा जाब द्यायचा, पदरच्या पैशाने तिकीट काढायचं, डोंबिवलीला मावशीकडे अंघोळ करून, लोकलच्या गर्दीत इस्त्रीचा चुरगळा करून पोचायचं, पंधरा मिनिटं बोलायचं आणि "वी विल गेट बॅक टू यू" ऐकून परत यायचं. व्हिडिओ कॉलवर का नाही घेत, विचारलं होतं मी. त्यांची एचआर म्हणाली, कोकणात नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो ना. असतो, नाही कुठे म्हणतेय, पण हे ती मला फोनवरच सांगत होती आणि मला खणखणीत ऐकू येत होतं! यांना यायचंच नसतं इकडे, मे महिन्यात पेटी मात्र घरपोच हवी.

शेवटी लाईट आली. चार कॉप्या निघाल्या. काकांनी बिल सांगितलं त्यात प्रिंटचे पैसे वेगळे आणि करेक्शनचे वीस वेगळे.

"करेक्शन तुम्हीच केलंत ना काका?"

"मग? फुकट?"

आजींनीही मान डोलावली, म्हणजे त्यांच्या मते बरोबरच होतं. दिले वीस. सुट्टे नव्हते म्हणून दोन चॉकलेटं हातावर ठेवलीन.

सप्लाय चेन आहे तशीच ठेवल्येय. काढायला सांगितलं असतं तर आणखी वीस घेतले असते.