समुद्र आला काय?

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. म्हणजे तालुक्याच्या नावात दर्या आहे, बोरच्या पाण्यात मीठ आहे, समुद्र तेवढा नाही. तो पाहायला साडेसहाशे-सातशे किलोमीटर जावं लागतं. यंदा वैशाखात जायचं ठरलं. आई, आबा, आम्ही दोघं, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि चार पोट्टे. एकूण दहा.

आधी हॉटेलचा हिशोब काढला. तो पाहून भाऊ म्हणाला, "येवढ्यात तं नवी बोर होते." म्हणून मी अलिबागजवळ तीन रात्रींसाठी एक फ्लॅट घेतला. मालक फोनवर म्हणाले, "किचन आहे, भांडी आहेत, तुम्ही फक्त यायचं आणि करून खायचं." यातलं 'करून' मला ऐकू आलं नाही. हिला आलं.

आईचा भांड्यांवर विश्वास नव्हता. "गंज असन त्याच्यापाशी, कोपर असन काय? सराटा?" (गंज म्हणजे पातेलं, कोपर म्हणजे परात.) शेवटी बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये चढताना आमच्याकडे ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, फल्लीचं तेल, ठेच्याची बरणी, कुरड्यांचा डबा, कोपर आणि सराटा एवढं होतं. पाटा-वरवंटा मी फलाटावरून परत पाठवला. तो कोणी आणला होता हे अजून कबूल झालेलं नाही.

सकाळी मुंबई, गेटवेहून मांडव्याची बोट, तिथून बस. बोटीत आईने पूर्ण वेळ डोळे मिटून ठेवले, म्हणजे समुद्रावरून जाऊनही तिने समुद्र पाहिला नाही. तो आता थेट किनाऱ्यावर पाहायचा होता.

फ्लॅट चांगला होता. जाहिरातीत समुद्र दिसतो असं होतं आणि तो दिसतही होता, न्हाणीघराच्या झरोक्यातून, बादलीवर उभं राहिलं तर. भांडी होती. काचेचे सहा ग्लास, अकरा चमचे आणि एक नॉनस्टिक तवा. त्यावर ज्वारीची भाकर थापून टाकली की ती भाजत नाही, नुसती घसरते. शेगडीचे दोन बर्नर, त्यातला एक शोभेचा.

चहा, नाश्ता, दहा आंघोळी आणि पोट्ट्यांची भांडणं उरकून आम्ही चारला किनाऱ्यावर पोचलो. समोर नुसता चिखल. दूर कुठेतरी एक चकचकीत रेघ. सगळे गप्प. मग धाकट्याच्या लेकीने विचारलं, "मोठेबाबा, आज समुद्राचे नळ नाही आले काय?"

तिचा काय दोष? आमच्याकडे नळ आठवड्यातून एखाददा येतो. पाणी असं कधी असतं, कधी नसतं, हे तिला जन्मापासून ठाऊक आहे.

रात्री आबांनी घरभर शोधून विचारलं, "कूलर कुठी हाय?" मी त्यांना समजावलं, की कोरडी हवा ओल्या ताटीतून आली की पाणी उडतं आणि हवा गार होते, इथली हवा आधीच पाणी पिऊन टम्म, ती आणखी काय पिणार? आबा म्हणाले, "मंग पंखा हाय तो कायले हाय?" तेही खरंच. आमच्याकडे ४५ अंशांत घाम दिसायच्या आत उडून जातो. इथे पारा ३३ वर आणि बनियन अंगाला असं चिकटलेलं, की काढायला दुसरा माणूस लागावा. डब्यातल्या कुरड्या तळायच्या आतच नरम. मिठाला पाणी सुटलं. पहिल्या दिवशी वाळत टाकलेला टॉवेल परतीच्या गाडीत, भुसावळच्या पुढे वाळला.

या सगळ्यात एकटी आई खूश होती. कारण डाळ. आमच्या बोरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊनही दाण्यासारखी राहते. इथे नळाचं पाणी गोडं. तीन शिट्ट्यांत डाळीचं लोणी! "पाह्य, पाह्य," म्हणत तिने कुकर सगळ्यांना दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डाळ. दुपारी वरण होतंच, तरी रात्रीसाठी आणखी. त्या डाळीत सांबार हवा म्हणून भाऊ दुकानात गेला, तर दुकानदार म्हणाला, "सांबार सकाळीच संपतो, इडलीबरोबर." कोथिंबीर म्हणायचं असतं हे त्याला फोनवर हिने सांगितलं. भांडी घासता घासता. "म्या इथी येऊन काय पाह्यलं? सिंक," असंही त्याच फोनवर सांगितलं, पण ते मला होतं.

डाळीपायी दुसऱ्या दिवशीही समुद्र चुकला. चिखलाकडे पाहत बसलो असताना मासळीची टोपली घेऊन एक कोळीण आजी चालली होती. आबांनी तिला विचारलं, "बाई, हा येते कधी?" ती थांबली. "तिथीला तीनानं गुणा, चारानं भागा. तेवढ्या वाजता पूर्ण भरती. दिवसा एक, रातीला एक."

आबांचे डोळे लकाकले. तिने सांगितली ती चक्क पाऊणकी! जुन्या चौथीत छडी खाऊन पाठ केलेला तो पाढा साठ वर्षं पडून होता. "आज त्रयोदशी. तेरा पाऊणे पावणेदहा! उद्या चौदा, म्हणजे साडेदहा." चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं मागे सरकतो, भरतीही त्याच्यामागे सरकते. सहा तास चढायचं, सहा तास उतरायचं. "शेतातल्या विजेच्या लाइनीसारखंच हाय," आबा म्हणाले, "फक्त हे टाइमटेबल पाळते."

चतुर्दशीला कुकर न लावता नऊला सगळे पाण्यावर. खरोखरचा समुद्र! पोट्टे त्यात गेले ते दुपारपर्यंत आमचे राहिले नाहीत. आई घोट्याइतक्या पाण्यात लुगडं धरून उभी. लाट परत फिरली, तिच्या टाचेखालची वाळू सरकली आणि ती किंचाळली, "धरा रे, जमीन पळून रायली!" ही वाकून वाकून हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळी पाऊणकीच्या आधारे ओहोटी गाठून पायी कुलाबा किल्ल्यात गेलो. शिवाजी महाराजांनी १६८० च्या सुमारास बांधायला घेतलेला हा किल्ला, भरतीला चारही बाजूंनी पाणी. आत गोड्या पाण्याची विहीर आहे म्हटल्यावर आई तिथेच बसली. भर समुद्रात गोडं पाणी आणि आपल्या गावात खारं, हा हिशोब तिला काही केल्या जुळेना.

पौर्णिमेला भरती सव्वाअकराला आणि फ्लॅट दहाला सोडायचा. मालकांनी चमचे मोजले, वाळू पाहिली आणि आमच्या पिशवीतून डोकावणारं हत्यार पकडलं. "हे उलथणं फ्लॅटचं." आई म्हणाली, "हा सराटा हाय, अन् माह्या माहेरचा हाय." मालक म्हणाले, "तेच म्हणतोय मी, उलथणं." बस सुटायच्या पाच मिनिटं आधी सराटा सुटला.

शेजारच्या म्हाताऱ्या काकूने निघताना आईजवळ समुद्राचं पाणी मागितलं होतं. तिने उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. आईने बाटली भरून आणली, डब्यात, कपड्यांत गुंडाळून. घरी पोचल्यावर काकूने आधी ते डोळ्यांना लावलं, मग चूळभर तोंडात घेतलं, जरा वेळ घोळवलं आणि थुंकलं.

"बापा, हे तं आपल्याच बोरचं हाय," ती म्हणाली. "येवढ्या दूर काऊन गेलते?"