पळाल्यास शंभर, चालल्यास पन्नास

लहानपणी डोंबिवलीत आम्ही गणपतीची वर्गणी मागत फिरायचो. पावतीपुस्तक, चार पोरं आणि कोडगेपणा एवढ्या भांडवलावर धंदा चाले. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा तेच करावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण मुंबई मॅरेथॉनच्या हाफला नाव घातलं आणि त्याच झोकात एका संस्थेला शब्द देऊन बसलो, की कॅन्सर संशोधनासाठी पन्नास हजार जमवतो. मी घाबरत होतो पळायला. घाबरायला हवं होतं मागायला.

पहिला मेसेज टाकला नातेवाइकांच्या ग्रुपवर. टेरी फॉक्सची गोष्ट लिहिली. हाडाच्या कॅन्सरने उजवा पाय गेलेला कॅनडाचा तरुण, १९८० साली कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला, तेही संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. आतेभावाचं उत्तर आलं, "तो एका पायावर रोज जवळजवळ अख्खी पळायचा. तू दोन्ही पाय शाबूत असून अर्धीच?" त्यावर अकरा अंगठे आले. पैसे शून्य.

मग एकेकाला फोन. माहीमची मावशी म्हणाली, "अरे, या वयात पळायचे कसले पैसे? तू पळू नकोस, त्याचे हजार देते." समोरच्या फ्लॅटमधल्यांनी विचारलं, "८०जीची पावती मिळते ना?" मिळते म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांना आठवलं, की यंदा आपण नवी कररचना घेतली आहे आणि तिच्यात देणगीवरची ही करवजावटच नाही. कॅन्सर संशोधन पुढच्या आर्थिक वर्षावर गेलं. ऑफिसातल्या एकाने ५०१ कबूल करून २५१ पाठवले. का? तर हाफ आहे ना!

इस्त्रीवाल्याला मी मागितलेही नव्हते. टी-शर्टवरचं वाचून त्याने शंभराची नोट काढली. भाऊ वर्षभर परळला टाटामध्ये होता, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, एवढंच बोलला आणि पुढची पँट ओढली. त्यानंतर महिनाभर मी त्याच्याशी कपड्यांच्या हिशेबावरून वाद घातला नाही. माझ्या स्वभावाच्या मानाने हे फार झालं.

आणि नानाकाका. बँकेतून निवृत्त, पण हिशेबातून नाहीत.

"अजून संशोधनच चाललंय? निष्पन्न काय झालं?"

मी तयारी करून गेलो होतो. कार-टी उपचार सांगितला. पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, कॅन्सरची पेशी ओळखायला प्रयोगशाळेत शिकवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या. पवईच्या आयआयटीने आणि टाटाने मिळून आपल्याकडचा पहिला असा उपचार तयार केला, २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तो सुरू झाला. परदेशात खर्च कोटींत, इथे लाखांत.

"म्हणजे घरचीच पोरं, क्लासला घालून परत आणायची," काका म्हणाले. इतकी सोपी व्याख्या मला इंटरनेटवर मिळाली नव्हती. "ठीक आहे. किलोमीटरला शंभर. पण पळालास तर. चाललास तर पन्नास."

"अहो, त्याला बघू द्या की थोडं चालून," काकू आतून म्हणाल्या. त्यांच्याकडे लक्ष देण्याची त्या घरात पद्धत नाही.

सरावाचं फार सांगण्यासारखं नाही. डोंबिवलीत उखडलेले पेव्हर ब्लॉक पाय उचलायला शिकवतात, वेगाचं कुत्री बघतात.

आदल्या रात्री मावशीकडे मुक्काम. पहाटे तीनला तिने साबुदाण्याची खिचडी पुढे केली. "पोटात काहीतरी असू दे." ती हाजी अलीपर्यंत पोटातच होती, आणि सारखी तशी जाणीव करून देत होती. सुरुवात मात्र झकास झाली. माहीमच्या रेतीबंदरावरून निघालो आणि एरवी पायी फिरकू न देणाऱ्या सी लिंकवर हजारो बूट एका तालात वाजायला लागले. मला वाटलं, आपल्यात काहीतरी आहे.

पेडर रोडला कळलं, काही नाहीये.

गाडीतून जाताना तो चढ आहे हे लक्षातही येत नाही. दोन्हीकडे लोक संत्र्याच्या फोडी, बिस्किटं घेऊन उभे. एक आजी ओरडल्या, "आलंच, आलंच!" इतक्या प्रेमाने इतकं धादांत खोटं मी त्याआधी फक्त डेंटिस्टकडे ऐकलं होतं. पाय थांबायला लागले आणि डोक्यात काकांचं मीटर सुरू झालं. इथे चाललो तर थेट संशोधनाचं नुकसान! चार खांब पळालो. पाचव्याला संशोधनाची मनोमन माफी मागून चालायला लागलो.

मरीन ड्राइव्ह, चर्चगेट, मग कधीतरी शेवटची कमान. गळ्यात मेडल पडलं, आणि फोन वाजला.

"तुझी चिप मी ॲपवर बघत होतो," काका म्हणाले. "मध्ये वेग पडला. किती चाललास?"

खोटं बोलायला लागणारा श्वासही उरला नव्हता. "अर्धा किलोमीटर."

"म्हणजे पंचवीस कापले."

२१.०९७ किलोमीटरचे झाले २,१०९ रुपये ७० पैसे. त्यातून पंचवीस वजा. आझाद मैदानात केळं सोलत असताना २,०८४ रुपये ७० पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. सत्तर पैशांसकट.

केळं संपायच्या आत दुसरा मेसेज. पंचवीस रुपये, काकूंच्या नंबरवरून. खाली लिहिलं होतं, "चाललास त्याचे. यांना सांगू नकोस."