बारा हजार हर्ट्झचा अपमान

परवा घोडबंदर रोडवर, भर एसीत, एका पंचविशीतल्या मुलाने मला बहिरा ठरवलं. तेही बायकोसमोर. वर पाठीवर हात ठेवून म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काका, वयाप्रमाणे होतंच."

घरचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे गाण्याचा आवाज वाढवून स्पीकरला देणारा डबा, थोडक्यात अ‍ॅम्प, आजारी होता, नवा बघावा म्हणून गेलो होतो, पार्श्वभूमी एवढीच. शोरूमचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या मजल्यावर त्यांची 'लिसनिंग रूम' आहे आणि तिच्याबाहेर चपला काढायच्या असतात. जिथे चपला काढायला लावतात तिथे दक्षिणा ठेवावी लागते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. आत भिंतींना काळा फोम, खाली गालिचा, समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर आणि मधोमध एक सोफा. त्या सोफ्याची बरोबर मधली जागा एका गृहस्थांनी अडवलेली. बर्म्युडा, पोटावर गुंफलेले हात, डोळे मिटलेले. मी "नमस्कार" म्हणालो तर डोळे न उघडता "शूऽऽ" केलं.

मला वाटलं मालक असतील. नव्हते. नुसतंच गिऱ्हाईक. मुलगा कानाशी येऊन म्हणाला, "सर आपले रेग्युलर आहेत." सर माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी तरी मोठे असतील, डोक्यावर माझ्याहून कमी केस. तरी ते सर आणि मी काका. कितव्या लाखाला काकाचा सर होतो, ते त्या शोरूमने दारावर लिहून तरी ठेवावं.

नाव कळलं नाही, म्हणून त्यांना आपण कर्णमहर्षी म्हणू.

समोर दोन अ‍ॅम्प मांडले होते. एक अठरा हजारांचा, दुसरा साडेचार लाखांचा. मुलाने साडेचार लाखवाला लावला. कुठल्याशा जुन्या मैफलीचं रेकॉर्डिंग होतं. तानपुरे जुळले, आलापी सुरू झाली आणि महर्षींनी तर्जनी वर केली.

"ऐकलंत?"

"काय?"

"खोकला."

"कोणाचा?"

"श्रोत्याचा. चौथी रांग, डाव्या हाताला. कोरडा खोकला आहे. आता तो अठरा हजारवाला लाव रे. हं. बघा. गेला! स्वस्त अ‍ॅम्पवर हा माणूस खोकतच नाही."

"मग बरंच झालं की," मी म्हटलं.

त्यांनी पहिल्यांदा एक डोळा उघडला. "अहो, मूळ मैफलीत तो खोकलाय! तुम्हाला सत्य नकोय का?"

"साडेचार लाखांत त्याचा खोकला बरा होणार असेल तर बघू," मी म्हटलं. ही म्हणाली, "यांचं घोरणं मी फुकट ऐकते, तेही दोन्ही कानांनी." महर्षींना ते आवडलं नाही. पुन्हा महागडा लावायला सांगितला आणि मला सोफ्याच्या कडेला बसवलं. मधली जागा काही सोडली नाही.

"आता गवई आणि तबलजी यांच्यामधली हवा ऐका."

हवा. ठाण्यात हवा दिसते, हे मी मान्य करतो. डिसेंबरात सकाळी बाल्कनीत उभं राहिलं की येऊरचा डोंगर असायला हवा तिथे ती दिसते. ऐकू मात्र कधी आली नव्हती. मी डोळे मिटले, श्वास धरला, जमेल तेवढं ऐकलं. मला ऐकू आला तो मारवा. भर दुपारी बारा वाजता मारवा! सूर्य मावळतानाचा राग, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि चौथ्या रांगेतला खोकला कोरडा की ओला हे सांगणाऱ्या या माणसाला त्यात काही खटकत नव्हतं. मी तसं सुचवलं. "राग कुठलाही असो," ते म्हणाले, "आपण अ‍ॅम्प ऐकतोय."

यापुढच्या तासाने, मी वीज खात्यात काढलेल्या अख्ख्या नोकरीचा सूड माझ्यावर उगवला. आधी केबल. तिच्यावर बाण छापला होता. "केबलला दिशा असते. उलटी लावली की आवाज मागे जातो." मी नम्रपणे सांगितलं की स्पीकरच्या तारेतला प्रवाह एसी असतो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा पुढे-मागे करतो, बाणाला काय ऐकणार? "म्हणूनच बाण लागतो," ते म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग अ‍ॅम्प उचलून बघायला सांगितला. बत्तीस किलो. लोक कलिंगड वाजवून घेतात. इथे वाजणारी वस्तू उचलून घ्यायची होती. पुढची पट्टी चांगली बोटभर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमची, आणि गाणं काही पट्टीतून जात नाही. पण ही पट्टी, आतला परातीएवढा ट्रान्सफॉर्मर आणि शोरूमचा फोम, गालिचा, एसी यांचे पैसे शेवटी किमतीतच येतात.

"आणि घरी वीज कुठली आहे तुमच्याकडे?" महर्षी.

"सगळ्यांना येते तीच. दोनशेतीस व्होल्ट, पन्नास हर्ट्झ."

"तिथेच चुकतं. त्या विजेत सगळ्या बिल्डिंगच्या लिफ्टा मिसळलेल्या असतात. मी रात्री दोननंतरच ऐकतो. तेव्हाची वीज शुद्ध असते."

मला हसू आलं, पण ते हसण्यावारी नेण्यासारखंही नाही. जपानमध्ये काही शौकिनांनी शुद्ध विजेसाठी घराबाहेर स्वतःचा विजेचा खांब उभारून घेतलाय, वर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. गंमत नाही, खरंच. आमच्या खात्यात असा अर्ज आला असता तर काय झालं असतं याचा विचार करत मी काही क्षण तो मारवासुद्धा विसरलो. 'खांबाचे प्रयोजन' या रकान्यात 'खोकला ऐकणे' लिहिलेला कागद किती टेबलं फिरला असता! शेवटी 'सदर खोकला कृषी प्रवर्गात मोडतो किंवा कसे' असा शेरा मारून तो परत आला असता.

असो. मी एक साधी मागणी केली. स्पीकर तेच, गाणं तेच, दोन्हींचा आवाज मीटरने मोजून अगदी सारखा, अ‍ॅम्पवर चादर, आणि सरांनी सांगायचं आत्ता कोणता वाजतोय. आवाज सारखा हवा हे मी मुद्दाम म्हटलं, कारण महागडा लावताना मुलाने रिमोटचं बटण जास्त दाबलेलं मी बघितलं होतं. डेसिबल हे आवाजाच्या मोठेपणाचं माप; जरासा, अगदी अर्ध्या डेसिबलने मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. विकणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

"काका, आमच्याकडे चादर नाही," मुलगा म्हणाला.

"माझी ओढणी घ्या," ही म्हणाली.

महर्षींनी आता दोन्ही डोळे उघडले. "असली परीक्षा घेतली की कानावर दडपण येतं. दडपणाखाली सूक्ष्म फरक कळत नाहीत."

"म्हणजे किंमत माहीत असेल तरच फरक ऐकू येतो?"

"किंमत माहीत असली की माणूस लक्ष देऊन ऐकतो."

इतकं प्रामाणिक वाक्य मी गेल्या कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही आणि ते बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

मी त्यांना अमेरिकेतल्या रिचर्ड क्लार्कची गोष्ट सांगितली. या गृहस्थाने दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. आवाज सारखा ठेवून, कोणताही अ‍ॅम्प त्याच्या ताकदीबाहेर न ताणता, न बघता दोन अ‍ॅम्प ओळखा. बारा-बारा वेळांच्या दोन फेऱ्या, सगळी उत्तरं बरोबर हवीत. अनेक जण छाती काढून गेले. बक्षीस कोणालाही मिळालं नाही. त्याआधी १९८७ साली 'स्टिरिओ रिव्ह्यू' या तिथल्याच मासिकाने २२० डॉलरपासून १२,००० डॉलरपर्यंतचे सहा अ‍ॅम्प असेच ऐकवले होते. ऐकणाऱ्यांत फरक मानणारेही होते, न मानणारेही. निकाल नाणं उडवल्यासारखा. मानणाऱ्यांचे कानही जास्त तीक्ष्ण निघाले नाहीत.

महर्षींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अमेरिकेत वीज एकशेदहाची आहे."

एकशेवीसची आहे. पण सोडा.

अ‍ॅम्पमध्ये फरक नसतोच असं माझंही म्हणणं नाही. मरतुकडा अ‍ॅम्प मोठ्या स्पीकरला जुंपून कान फाटेस्तोवर वाढवला तर तो चिरकतोच, ते कोणालाही कळेल. काही व्हॉल्व्हवाले, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचे, अ‍ॅम्प आवाजाला स्वतःचा रंग देतात आणि तो काहींना गोड लागतो; लागू दे. पण आमच्या दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये नेहमीच्या आवाजाला सरासरी एखादा वॉटसुद्धा पुरतो. पन्नासचा शंभर वॉट केला तर तीन डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट वाटायला दसपट वॉट लागतात. पैसे असतील तर स्पीकरवर घाला, तिथला फरक चादर टाकूनही ऐकू येतो. आणि उरले तर खिडक्यांवर घाला. रात्री निवासी भागात पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे, हे कागदावर. घोडबंदरवरून गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरना कोणी तो कागद दाखवलेला नाही. साडेचार लाखांच्या अ‍ॅम्पमधला तो कोरडा खोकला पहिल्याच ट्रेलरखाली सापडून जाईल. याबद्दल मात्र कुठल्याही शोरूममध्ये कोणी डोळे मिटून बोलत नाही. तिथे सगळा फोम आतून लावलेला असतो.

हे सगळं मी बोलत असताना त्या मुलाने मोबाइल काढला होता. "काका, एक मिनिट. तुमची रेंज बघू या ना."

त्याने स्पीकरवर एक शिट्टीसारखा स्वर लावला. आठ हजार हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आठ हजार कंपनं; आकडा जितका मोठा, स्वर तितका बारीक. ऐकू आला. दहा हजार. आला, जरा लांबून. बारा हजार.

"लाव की," मी म्हटलं.

"लागलाय, काका."

हिने कानांवर हात ठेवले होते. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. त्या नजरेत आमचा सगळा संसार होता. "गॅस बंद करा म्हणते, ते कितीवर असतं माझं?" तिने मुलाला विचारलं. त्याने गंभीरपणे सांगितलं की बायकांचं बोलणं त्याच्या फार खाली असतं, ते काकांना ऐकू यायला हवं. मूर्ख. एवढं टेक्निकल ज्ञान, आणि जगायचं कसं हे माहीत नाही.

"आता सरांचं बघ," मी म्हटलं. न्याय म्हणून.

महर्षींनी हात वर केला. "मी टोन ऐकत नाही. मी संगीत ऐकतो."

आणि मुलाने मान डोलावली! विषय संपला! माझ्याहून वडील माणूस, कदाचित त्याची रेंज दहावरच आटोपली असेल, पण तो खोकल्याची रांग सांगतो म्हणून त्याची तपासणी नाही. मी ऐकू येत नाही म्हणालो म्हणून माझी तपासणी. विनोद म्हणून सांगतोय, पण मला हे खरंच लागलंय. त्या खोलीत वस्तूवर संशय घेतला की उलट माणसाचीच झडती सुरू होते. पियानोची सगळ्यात वरची पट्टी ४,१८६ हर्ट्झची. माणसाचा गळा त्याच्याही कितीतरी खाली. बारा हजारांच्या वर उरतो तो झिलईचा भाग, झांजेची शेवटची किणकिण वगैरे. ती गेली असेल माझी. मारवा कधी गायचा ते मला अजून कळतं, पण त्याचं माप त्या मोबाइलवर नव्हतं.

"मग काका, तुम्हाला साउंडबार दाखवतो ना मस्त," मुलगा म्हणाला. "खाली आहे. टीव्हीच्या सेक्शनला. रिमोटवर मोठी बटणं पण आहेत."

मोठी बटणं.

मी चपला घातल्या. हिने वाटेत एका साउंडबारची किंमत विचारलीच. ते मी ऐकू न आल्यासारखं केलं, आता तेवढी सोय तर झाली आहे.

लिफ्टची वाट बघत होतो तर कर्णमहर्षी मागून आले. दुकानाकडे पाठ करून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "घरी कुठला अ‍ॅम्प आहे तुमचा?"

मी सांगितलं. ऐंशीच्या दशकात, पगारवाढीचा फरक मिळाला तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला. मुंबईतच बनलेला; कंपनी कधीच बंद झाली. नौपाड्यात एक गृहस्थ अजून असली कामं करतात, पण त्यांनी झाकण उघडून परत लावलं आणि "कॅपॅसिटर सुकलेत, पार्ट मिळाला तर फोन करतो" म्हणाले. फोनची वाट बघतोय.

महर्षींचे डोळे भलतेच चमकले. "विकणार?"

"डावा चॅनल मेलाय त्याचा."

"चालेल."

"उजव्यात सारखी गुणगुण आहे."

"तेव्हाच्या गुणगुणीत एक ऊब असायची," ते म्हणाले आणि बर्म्युडाच्या खिशातून पाकीट काढलं. "वीस हजार. आत्ता."

बायकोने माझ्या कोपराला चिमटा काढला. चिमटा 'विका' म्हणत होता की 'पळा', ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "नाही विकायचा."

त्यांनी पाकीट परत ठेवलं. रागावले वगैरे नाहीत. उलट पहिल्यांदाच माझ्याकडे आपल्यातला म्हणून बघितलं. "बरोबर आहे. नकाच विकू. फक्त रात्री दोननंतर लावत जा."

आमचे सेक्रेटरी आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात, आणि दुपारी मिक्सर लावला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस टाकतात.