जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी: ‘पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बरेच दिवस एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर डेटा साठवणारी डिस्क) लावणं म्हणजे पैसे पाण्यात. जुना पोर्ट तिचा वेग निम्म्यावर आणतो, प्रोसेसर जुनाच राहतो, एसएसडी दोन-तीन वर्षांत झिजते, मशीन बंद ठेवलं तर डेटा उडतो, विंडोज 11 तर चालतच नाही. त्यापेक्षा रॅम वाढवा. हे वाचून लोक धडधाकट मशीन भंगारात काढतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पोर्टाचा मुद्दा सगळ्यांत जास्त पटतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. सॅटा म्हणजे मदरबोर्डला डिस्क जोडायची जोडणी. तिच्या जुन्या सॅटा-2 पोर्टातून सेकंदाला जास्तीत जास्त 300 मेगाबाइट जातात, नव्या सॅटा-3 मधून 600. सॅटा एसएसडी साधारण 550 पर्यंत पोचते, म्हणजे जुन्या पोर्टावर ती खरोखर निम्म्यावर येते. पण हा आकडा सलग वाचनाचा आहे, एखादी मोठी फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचण्याचा. कॉम्प्युटर सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना असं सलग वाचन फार थोडं होतं. तेव्हा लागतात त्या डिस्कभर विखुरलेल्या हजारो लहान फायली. हार्ड डिस्कला अशा प्रत्येक तुकड्यासाठी आधी डेटा वाचणारं हेड सरकवावं लागतं आणि मग तबकडीची नेमकी जागा हेडखाली यायची वाट पाहावी लागते. मिनिटाला 5400 फेऱ्या मारणाऱ्या डिस्कची एक फेरी 11 मिलिसेकंदांची, म्हणजे सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसते वाट पाहण्यात जातात. हेड सरकायला आणखी दहा-बारा. हिशोब केला तर सेकंदाला जेमतेम साठ तुकडे. एक तुकडा 4 किलोबाइटचा धरला, तर सेकंदाला पाव मेगाबाइट!

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तोच तुकडा तिच्याकडून मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मिळतो. असे तुकडे एकामागून एक वाचताना चांगल्या एसएसडीचा वेगही सेकंदाला वीस-चाळीस मेगाबाइटच असतो. मग 300 ची मर्यादा आड येणार कुठे? मेसेज लिहिणाऱ्याने पाव आणि चाळीस यांची तुलना करायला हवी होती. त्याने केली 300 आणि 550 ची.

प्रोसेसर जुनाच राहतो, हे खरं. पण तो दमलेला असतो का, हे स्वतः तपासा. मशीन अडकलं की टास्क मॅनेजर उघडा. डिस्क 100 टक्के आणि प्रोसेसर 10-15 टक्के दिसला, तर प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहतोय. तुमचं काम व्हिडिओ रेंडर करण्याचं असेल, तर मात्र एसएसडीने फारसं काही होणार नाही, आणि त्या कामासाठी मी ती घ्या असं सांगणारही नाही.

झिजण्याची भीती जुनी आहे. 250 जीबीच्या सॅमसंग 860 ईव्हीओवर कंपनीची हमी पाच वर्षांची किंवा 150 टेराबाइट लेखनाची, जे आधी संपेल ते. घरगुती वापरात दिवसाला 20 जीबी लेखन म्हणजे सढळ हाताने धरलेला आकडा, आणि तरीही 150 टेराबाइट व्हायला वीस वर्षं लागतात. एक खरी अडचण मात्र मेसेजात नाहीच. हार्ड डिस्क बिघडताना पुष्कळदा कुरकुरते, खटखटते, सावध करते. एसएसडी काही न सांगता एका क्षणात बंद पडू शकते, आणि मग डेटा परत मिळवणं फार अवघड असतं. म्हणून बॅकअप हवाच, एसएसडी नवी असली तरी.

बंद ठेवल्यावर डेटा उडतो, हे कुठून आलं? जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची अट अशी की, घरगुती वापराच्या एसएसडीने लेखनाची ठरलेली मर्यादा संपल्यावरही 30 अंश तापमानात, विजेशिवाय, एक वर्ष डेटा टिकवला पाहिजे. अट पुरती वापरून झालेल्या एसएसडीची आहे. रोज सुरू होणाऱ्या मशीनला त्या भीतीचं कारण नाही.

रॅमबद्दल मेसेज थोडा बरोबर आहे. 2 जीबीच असेल तर आधी ती वाढवा. 8 जीबी असलेल्या मशीनमध्ये आणखी भर घालून सुरू व्हायचा वेळ मात्र कमी होत नाही, कारण सगळं आधी डिस्कवरूनच यावं लागतं.

एसएसडी लावूनही निराश झालेल्यांचं कारण पुष्कळदा जोडणीत सापडतं. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्कशी बोलण्याची आयडीई ही जुनी पद्धत तशीच राहिलेली असते. तिथे एएचसीआय ही नवी पद्धत हवी, आणि हा बदल नवीन विंडोज टाकण्याआधी करा, नाहीतर आधीचं विंडोज निळ्या स्क्रीनवर अडू शकतं. कुणी नवी एसएसडी डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी, कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) बसवतात. तिथला पोर्ट काही लॅपटॉपमध्ये आणखी संथ असतो. एसएसडी मुख्य जागी बसवा, जुनी हार्ड डिस्क कॅडीत जाऊ द्या. एनव्हीएमई ही वेगळ्या जोडणीची एसएसडी घेऊ नका, ती सॅटा पोर्टात बसतच नाही.

राहिलं विंडोज 11. त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, ते एसएसडीने मिळत नाहीत. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका. ब्राउझर, पत्रं, हिशोब सगळं नीट चालतं. आणि उद्या मदरबोर्डच गेला, तरी चार स्क्रू काढून 2.5 इंची एसएसडी दुसऱ्या मशीनला लावता येते, किंवा यूएसबी केसमध्ये घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते.