निळ्या राज्यांतले मतदार ढोंगी नाहीत

सध्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. महिन्याभरात तो मला तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक माझ्या मावसभावाकडून. त्याचा सारांश असा: अमेरिकेतली मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, व्हरमाँट ही राज्यं दाखवण्यापुरती उदारमतवादी आहेत. अध्यक्षपदाला आणि सिनेटला डेमोक्रॅट निवडतात, पण घरची तिजोरी सांभाळायची वेळ आली की गुपचूप रिपब्लिकन गव्हर्नर आणतात. म्हणजे हे लोक आतून परंपरावादीच. अध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या वर्षी डेमोक्रॅट मतदार घरी बसतात, तेव्हा खरा कौल बाहेर येतो. रिपब्लिकन राज्यांत असं उलटं कधी होत नाही. आणि एक ना एक दिवस ही राज्यं अध्यक्षपदालाही लाल होणार. (अमेरिकेत निळा रंग डेमोक्रॅट पक्षाचा, लाल रिपब्लिकन पक्षाचा.)

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, इथे मतदान करतो. माझ्या शेजाऱ्यांना कुणी असं सरसकट ढोंगी ठरवलेलं मला सहन होत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरू. मजकुरात गव्हर्नरला ‘राज्यपाल’ म्हटलंय. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेतला गव्हर्नर लोक थेट निवडतात आणि कारभार तोच चालवतो. अधिकार पाहिले तर तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा, पण विधिमंडळात त्याच्या पक्षाचं बहुमत असण्याची गरज नाही. आपल्याकडे थेट निवडून आलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि नगरपालिकेत बहुमत दुसऱ्याच पक्षाचं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही रचना लगेच कळेल. नगराध्यक्षाला मत देणारा माणूस प्रभागात वेगळ्या चिन्हावर शिक्का मारतो, तेव्हा त्याला आपण ढोंगी म्हणत नाही.

आता पहिला मुद्दा, लोक आतून परंपरावादी असल्याचा. २०१८ च्या नोव्हेंबरात मी मतदानाला गेलो होतो. टेबलाशी आधी रस्त्याचं नाव सांगायचं, मग घराचा नंबर, मग स्वतःचं नाव. हातात एक लांबच लांब कागद देतात, त्यावरचे लंबगोल काळ्या पेनाने भरायचे. सगळ्या पक्षाला एकदम मत देण्याची सोय इथे नाही, प्रत्येक पदासाठी वेगळा विचार करून वेगळा गोल भरावा लागतो. त्या कागदावर गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन चार्ली बेकर होते आणि सिनेटसाठी एलिझाबेथ वॉरन, म्हणजे डेमोक्रॅट पक्षातही डावीकडच्या. खाली एक थेट प्रश्न होता: सार्वजनिक ठिकाणी ट्रान्सजेंडर व्यक्तींशी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा ठेवायचा की काढायचा?

बेकरना सुमारे ६७ टक्के मतं पडली. वॉरनना ६० टक्के. आणि कायदा ठेवा म्हणणारे ६८ टक्के निघाले. जे राज्य ‘आतून परंपरावादी’ म्हणून बेकरना निवडतं, ते त्याच कागदावर, त्याच पेनाने हा कायदा का वाचवेल? शिवाय त्या कायद्यावर २०१६ मध्ये सही केली होती ती बेकर यांनीच. गर्भपाताच्या हक्काला त्यांचा पाठिंबा होता. २०१६ आणि २०२० मध्ये त्यांनी अध्यक्षपदाचा रकाना कोरा सोडला, ट्रम्प यांना मत दिलं नाही, आणि ते उघडपणे सांगितलं. मजकूर लिहिणाऱ्याने ‘रिपब्लिकन’ ही पाटी पाहिली आणि पाटीमागचा माणूस पाहिलाच नाही.

हे बेकर यांच्यापुरतंच नाही. १९९० साली मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकन विल्यम वेल्ड निवडून आले तेव्हा त्यांच्यासमोर डेमोक्रॅट होते जॉन सिल्बर, बॉस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष, फटकळ आणि सामाजिक प्रश्नांवर बरेच जुन्या वळणाचे. वेल्ड गर्भपाताच्या आणि समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या बाजूने. पुष्कळ उदारमतवाद्यांनी त्या वर्षी रिपब्लिकन उमेदवाराला मत दिलं, कारण दोघांतला जास्त उदार तोच होता. मला या सगळ्या इतिहासातला हा प्रसंग सर्वांत बोलका वाटतो.

व्हरमाँटमध्ये रिपब्लिकन म्हणून गव्हर्नर झालेले फिल स्कॉट घ्या. २०१८ च्या फेब्रुवारीत तिथल्या फेअर हेवन गावातल्या शाळेवर गोळीबार करण्याचा बेत उघडकीला आला. बंदुकांवर नवे निर्बंध नकोत असं तोवर म्हणणाऱ्या स्कॉट यांनी मत बदललं. एप्रिलमध्ये राजधानी माँटपेलियरच्या विधिमंडळाच्या पायऱ्यांवर, उघड्यावर, त्यांनी बंदूक नियंत्रणाच्या विधेयकांवर सह्या केल्या. समोर त्यांचेच जुने समर्थक त्यांना शिव्या घालत होते. २०२० मध्ये आपण बायडन यांना मत दिल्याचं त्यांनी मतदानाच्या दिवशीच जाहीर केलं. अशा माणसाच्या विजयाला ‘परंपरावादाचा छुपा कौल’ म्हणायचं असेल तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

डेमोक्रॅट घरी बसतात हा मुद्दा दोन मिनिटांत निकालात निघतो. व्हरमाँटमध्ये गव्हर्नरची मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे दर दुसऱ्या वेळी ती निवडणूक अध्यक्षपदाच्या दिवशीच येते. २०१६, २०२० आणि २०२४, तिन्ही वेळा स्कॉट भरघोस मतदानात निवडून आले. २०२४ मध्ये स्कॉट यांना सुमारे ७३ टक्के, कमला हॅरिस यांना सुमारे ६३ टक्के आणि सिनेटसाठी बर्नी सँडर्स यांनाही ६३ टक्के मतं मिळाली. बेरीज केली तर स्कॉट आणि सँडर्स या दोघांनाही मत देणारे मतदार जवळजवळ एक तृतीयांश तरी असलेच पाहिजेत, त्याशिवाय आकडे जुळत नाहीत. सँडर्स स्वतःला समाजवादी म्हणवतात. हे मतदार काही घरी बसलेले नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्येही २०१८ ला बेकरना सुमारे १७ लाख ८० हजार मतं पडली, वॉरन यांच्यापेक्षा दीड लाखाने जास्त.

तिजोरीचा मुद्दा मात्र मला हातासरशी उडवून लावायचा नाही, कारण त्यात तथ्य आहे. फक्त ते अर्धं आहे.

मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात डेमोक्रॅट कितीतरी वर्षं तीन चतुर्थांशांच्या वर आहेत. एकाच पक्षाच्या हाती इतकी सत्ता इतकी वर्षं राहिली की काय होतं, ते इथल्या लोकांनी पाहिलंय. कनिष्ठ सभागृहाचे लागोपाठचे तीन सभापती गुन्हेगार ठरले: चार्ल्स फ्लॅहर्टी करचुकवेगिरीत, टॉम फिनरन न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल आणि साल्व्हातोरे डिमासी भ्रष्टाचारात. डिमासींना २०११ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. तिघेही डेमोक्रॅट. अशा राज्यातल्या डेमोक्रॅट मतदाराला काय वाटेल? शाळा, आरोग्य, हक्क या बाबतीत पक्षाची धोरणं त्याला पटतात, पण त्याच पक्षाच्या हिशेबाच्या वह्या तपासायला कुणीतरी बाहेरचा हवा असतो. गव्हर्नर त्या कामाचा. आणि तो उगाच अति करायला लागला तर विधिमंडळ दोन तृतीयांश मतांनी त्याचा नकाराधिकार फिरवू शकतं. इथले रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी चार वर्षांत आठशेच्या वर नकाराधिकार वापरले, त्यातले बहुतेक विधिमंडळाने फिरवले. मतदाराला हे आधीच माहीत असतं. गव्हर्नर रिपब्लिकन आला म्हणून गर्भपाताचा हक्क जाणार नाही याची त्याला खात्री असते, म्हणून तो कारभार पाहून मत देऊ शकतो.

करांचा रागही खरा आहे. मेरीलँडमध्ये २०१४ साली रिपब्लिकन लॅरी होगन गव्हर्नर म्हणून निवडून आले ते करवाढीवर बोलून. त्यात पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी लावलेल्या शुल्काला विरोधकांनी ‘पावसावरचा कर’ म्हटलं आणि ते नाव घरोघर गेलं. व्हरमाँटमध्ये २०२४ साली शाळांच्या खर्चापोटी मालमत्ता कर सरासरी जवळपास १४ टक्क्यांनी वाढला. स्कॉट यांनी त्या विधेयकाला नकार दिला, डेमोक्रॅट विधिमंडळाने तो फिरवला, आणि नोव्हेंबरात मतदारांनी दोन्ही सभागृहांतलं त्यांचं नकाराधिकार फिरवण्याइतकं बहुमत काढून घेतलं. साधं बहुमत ठेवलं. घराचा कर चौदा टक्के वाढल्यावर चिडणारा माणूस परंपरावादी असायलाच हवा असं नाही. माझ्या गल्लीतही असे बरेच आहेत.

पण तिजोरी म्हणजे फक्त काटकसर नव्हे. रॉम्नी यांनी २००६ साली जवळपास प्रत्येकाला आरोग्यविमा मिळावा असा कायदा केला, तोही डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडींना शेजारी उभं करून. पुढे ओबामांच्या कायद्याने तोच नमुना घेतला. बेकर सत्तेवर आले त्या २०१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये मोसमभरात ११० इंच बर्फ पडलं आणि शहराची रेल्वे अक्षरशः ठप्प झाली. त्यांच्याकडून लोकांची पहिली मागणी काय होती? गाड्या चालवा.

आता रिपब्लिकन राज्यांत उलटं होत नाही, हा दावा. हे सपशेल चूक आहे. कॅन्सासमध्ये ट्रम्प २०१६ ला वीस टक्क्यांच्या फरकाने जिंकले. तिथे २०१८ आणि २०२२ मध्ये डेमोक्रॅट लॉरा केली गव्हर्नर झाल्या. त्याआधी रिपब्लिकन गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी मोठी करकपात केली होती, तिजोरीला भगदाड पडलं, शाळांचे पैसे अडले, आणि शेवटी २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळानेच त्यांचा नकाराधिकार फिरवून ती कपात मोडीत काढली. केंटकीत शिक्षकांच्या पेन्शनवरून रिपब्लिकन गव्हर्नर मॅट बेव्हिन यांच्याविरुद्ध संताप उसळला, आणि २०१९ मध्ये डेमोक्रॅट अँडी बेशीर जेमतेम पाच हजार मतांनी जिंकले. २०२३ मध्ये फरक पाच टक्क्यांवर गेला. वर्षभराने त्याच केंटकीत ट्रम्प तीस टक्क्यांनी पुढे होते. मग केंटकीचे लोक आतून डावे म्हणायचे का? तसं कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

राहिला शेवटचा मुद्दा, ही राज्यं पुढे अध्यक्षपदालाही लाल होण्याचा. चार वर्षं गव्हर्नर राहिलेले रॉम्नी २०१२ मध्ये अध्यक्षपदाला उभे राहिले आणि स्वतःच्या मॅसॅच्युसेट्समध्ये २३ टक्क्यांनी हरले. वेल्ड १९९४ ला ७१ टक्के मतं घेऊन पुन्हा गव्हर्नर झाले, आणि दोनच वर्षांनी सिनेटसाठी डेमोक्रॅट जॉन केरींकडून पडले. हवाईत रिपब्लिकन लिंडा लिंगल दोनदा गव्हर्नर, २०१२ च्या सिनेट लढतीत त्यांचा दारुण पराभव. २०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाने मॅसॅच्युसेट्समध्ये जेफ डील आणि मेरीलँडमध्ये डॅन कॉक्स हे ट्रम्प यांचा पाठिंबा असलेले उमेदवार गव्हर्नरपदासाठीच दिले. दोघेही तीस टक्क्यांच्या आसपास फरकाने हरले.

सगळ्यात स्पष्ट दाखला होगन यांचा आहे. मेरीलँडचे दोनदा निवडून आलेले, लोकांना मनापासून आवडणारे गव्हर्नर. ट्रम्प यांना उघड विरोध करणारे. २०२४ मध्ये ते सिनेटला उभे राहिले आणि गर्भपाताच्या हक्काचं संरक्षण करू असं त्यांनी प्रचारात सांगितलं. मतदारांपुढचा प्रश्न मात्र आता होगन कसे आहेत हा नव्हता, वॉशिंग्टनमध्ये सिनेटचं बहुमत कुणाच्या हाती द्यायचं हा होता. डेमोक्रॅट अँजेला अल्सोब्रूक्स यांच्याविरुद्ध त्यांना सुमारे ४३ टक्के मतं मिळाली. त्याच मतपत्रिकेवर गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालायचा का, असा प्रश्न होता. त्याला ७६ टक्के लोकांनी होकार दिला.