माहिती न देण्याची रीतसर कार्यपद्धती

देशापुढची सर्वांत मोठी समस्या कोणती, यावर वाहिन्यांवर रोज रात्री घसे फुटतात. कोणी बेकारी म्हणतं, कोणी जात, कोणी लोकसंख्या. तुम्ही त्या फंदात पडू नका. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली तुमची नुकतीच जन माहिती अधिकारी म्हणून नेमणूक झाली आहे आणि तुमच्यापुरती समस्या आवक-जावकच्या खिडकीशी उभी आहे. तिच्या हातात जोडपत्र 'अ', म्हणजे माहिती मागण्याचा अर्ज आहे आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागणी काय, तर एका रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, चाचणी अहवाल आणि अंतिम देयकाची प्रत. म्हणजे जमिनीवर किती जाडीचा थर पडला आणि कागदावर किती जाडीचे पैसे गेले, हे या गृहस्थाला ताडून बघायचं आहे. अशा माणसाला वेळीच आवरलं नाही, तर शेजारीपाजारीसुद्धा ताडून बघायला लागतात.

अशाच एका अर्जावर परवा आलेलं उत्तर माझ्यासमोर आहे. 'सदर नस्ती कार्यालयात आढळून येत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' नस्ती म्हणजे फाइल. खाली सही आहे, सहीखाली नाव नाही. अपील कोणाकडे, किती दिवसांत, याचा उल्लेख नाही (कलम ७(८) प्रमाणे तो करावा लागतो, पण कागद वाचवणं हेही देशकार्यच). इतकं गोळीबंद काम पाहिल्यावर वाटलं, ही विद्या सगळ्या नवनियुक्तांपर्यंत पोचायला हवी.

सुरुवात खिडकीपासून करा. पोच द्यायची नाही. शिक्का साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब मीटिंगला. पोच नसेल तर तीस दिवस मोजायचे कुठून? त्यातूनही समोरचा हटला नाही, तर 'माहिती कशाला हवी?' असं विचारा. कलम ६(२) प्रमाणे कारण विचारता येत नाही. विचारा तरीही. निम्मे लोक तिथेच घाबरतात.

दुसरी सोय खुद्द राज्याने करून ठेवली आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारणपणे दीडशे शब्द, असा नियम आहे. अंदाजपत्रक हा एक विषय, मोजमाप पुस्तिका हा दुसरा, असं बेधडक धरा. रस्ता एकच आहे ना, असं कोणी म्हणालं तर ऐकू आलं नाही असं दाखवा. आणि विषय जास्त असले तरी पहिल्या विषयाची माहिती देता येते, हे त्याच नियमात पुढे लिहिलंय. तिथवर वाचत जाऊ नका.

अर्जात 'का' हे अक्षर शोधा. अधिकाऱ्याने मत द्यावं, कारणमीमांसा करावी असं कायद्यात नाही, हे खरं आहे. त्याचा अर्थ तुम्ही असा घ्यायचा की प्रश्नचिन्ह दिसलं की अर्ज बाद. 'मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळेल का?' या वाक्याला 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपात असल्याने देता येत नाही' हे उत्तर पुरतं.

प्रश्नचिन्ह नसेल तर 'माहिती मोघम आहे' असं लिहा. मोघम म्हणजे काय, हे मोघमच ठेवा.

आता हस्तांतरण. कलम ६(३) खाली अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. तुम्ही तो पंचविसाव्या दिवशी पाठवा, आणि एका नाही, सगळ्या उपविभागांना पाठवा. अर्जदाराच्या घरी मग महिनाभर टपाल येत राहतं: 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही.' ज्या कार्यालयाशी संबंधित आहे, तिथून काहीच येत नाही. ते कार्यालय तुमचंच असतं.

शुल्काचं पत्र हे मात्र नाजूक काम आहे, घाईत करू नका. पान दोन रुपये. एकोणतिसाव्या दिवशी कळवा की पृष्ठं ४१२, रक्कम ८२४ रुपये, भरणा करावा. कलम ७(३) प्रमाणे पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणजे घड्याळ तुमच्या हातात. हिशेब कसा काढला हेही त्याच कलमाप्रमाणे कळवावं लागतं, ते टाळा. चारशे बारांपैकी साडेतीनशे पानं निविदेच्या छापील अटींची द्या, आणि मोजमाप पुस्तिकेच्या पानांची झेरॉक्स अशी काढा की आकड्यांचा रकाना तेवढा काळा यावा. तीस दिवस उलटून गेले असतील तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. तरी पैसे मागा. बहुतेक जण भरतात.

कागद बघायला, म्हणजे अवलोकनाला बोलवा आणि त्या दिवशी रजा टाका.

आता नस्ती हरवण्याविषयी. इथे शब्दांची निवड महत्त्वाची. 'नष्ट केली' असं चुकूनही लिहू नका, कारण महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे अभिलेख नियमबाह्य नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'आढळून येत नाही' असं लिहा. त्यात कोणी काही केलेलं नसतं. नस्ती स्वतःहून उठून गेलेली असते. माहिती नाकारण्याची कारणं फक्त कलम ८ आणि ९ मध्ये आहेत, त्यात 'सापडत नाही' हे कारण नाही; दिल्ली उच्च न्यायालयाने तर २०१३ मध्येच सांगून ठेवलं की कागद सापडत नसेल तर कसून शोधा, चौकशी करा, जबाबदारी निश्चित करा. अर्जदाराला हे ठाऊक नसतं, असं गृहीत धरा. त्याला हेही ठाऊक नसतं की रस्त्याची नस्ती एका जागी नसतेच. अंदाजपत्रकाची प्रत तांत्रिक मान्यता देणाऱ्या वरच्या कार्यालयात असते, देयकाची लेखा शाखेत, कार्यादेशाची ठेकेदाराच्या घरी. इतक्या ठिकाणचे कागद एकाच वेळी हरवायला योगायोग फार मोठा लागतो. किंवा निर्लज्जपणा.

वैयक्तिक माहितीची पळवाट सध्या सर्वांत जोरात आहे. कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी अटी होत्या: ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी दिल्याने खासगीपणावर नाहक अतिक्रमण होईल, तेवढीच नाकारता येई. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं परंतुक होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने हे सगळं कापून टाकलं. उरलं काय, तर 'वैयक्तिक माहिती'. आता ठेकेदाराचं नाव वैयक्तिक, मोजमापावर सही करणाऱ्या अभियंत्याचं नाव वैयक्तिक, उद्या खड्ड्याची खोलीही वैयक्तिक. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती द्या, असं सांगणारं कलम ८(२) अजून शाबूत आहे, पण ते वापरायला विवेक लागतो, आणि तो आस्थापना सूचीत मंजूर नाही.

एक युक्ती मात्र लिहिताना माझाच हात अडखळतो. कलम ११ त्रयस्थ पक्षासाठी, म्हणजे इथे ठेकेदारासाठी आहे. त्याने गोपनीय म्हणून दिलेली माहिती असेल तर त्याला पाच दिवसांत नोटीस जाते, म्हणणं मांडायला त्याला दहा दिवस मिळतात. सरकारी पैशातून निघालेलं देयक गोपनीय कसं, ते देव जाणे. पण नोटीस निघते. सोबत अर्जाची झेरॉक्स, झेरॉक्सवर अर्जदाराचं नाव, पत्ता, मोबाइल. संध्याकाळी फोन येतो. 'काय दादा, आमचा रस्ता बघताय म्हणे?' तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात जमिनींचे व्यवहार उघडे करत होते. जानेवारी २०१० मध्ये त्यांचा भररस्त्यात खून झाला. तेव्हा ही युक्ती वापरताना तिला कार्यपद्धती म्हणू नका. तिला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

असो. प्रथम अपिलाची भीती बाळगू नका. अपिलीय अधिकारी तुमचेच वरिष्ठ असतात, बहुधा शेजारच्या केबिनमध्ये, आणि तुमच्या नकाराच्या टिपणीवर त्यांचीच सही असते. अर्जदार वीस रुपयांचा स्टॅम्प लावून अपील करतो. सुनावणीची नोटीस सुनावणीनंतर पोचेल अशी टपालात टाका. तो आलाच, तर 'पंधरा दिवसांत माहिती द्यावी' असा आदेश होतो, आणि तुम्ही ती देत नाही. का द्यावी? प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला दंड करण्याचा अधिकारच कायद्याने दिलेला नाही. मग नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आणि इथे खरी गंमत आहे. तुम्हाला तीस दिवस, अर्जदाराला नव्वद दिवस, पहिल्या अपिलाला तीस, फार तर पंचेचाळीस दिवस; आयोगाने किती दिवसांत निकाल द्यायचा? कायद्यात आकडाच नाही. आयुक्तांची पदं रिकामी ठेवायची, म्हणजे काम आपोआप होतं. पदं वेळेत भरा असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये बजावलं. त्याच वर्षी संसदेने काय केलं, तर आयुक्तांची पाच वर्षांची मुदत आणि वेतन कायद्यातून काढून केंद्र सरकारच्या हाती दिलं, आणि सरकारने नियमांत ती मुदत तीन वर्षं करून टाकली. ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा त्यानेच पगार आणि मुदत ठरवायची! आणि निवड समितीत कोण, तर मुख्यमंत्री, त्यांचाच एक मंत्री आणि एक विरोधी पक्षनेता. दोनास एक. मग वर्षांनंतर सुनावणी लागते. तोवर तुमची बदली झालेली असते, रस्ता वाहून गेलेला असतो, ठेकेदाराची दोषदायित्वाची, म्हणजे बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत संपलेली असते, त्याची सुरक्षा ठेव परत गेलेली असते, त्याच रस्त्याचं नवं अंदाजपत्रकही मंजूर झालेलं असतं. दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड, तोही तुमच्या खिशातून, असं कलम २० म्हणतं. प्रत्यक्षात 'यापुढे दक्षता घ्यावी' अशी समज मिळते. आणि कोर्ट फी, झेरॉक्स, एसटीची भाडी, बुडालेली रोजंदारी यांचा दंड त्या माणसाने भरलेला असतो, ज्याने काहीच केलेलं नाही!

बास झाला उपरोध.

तुम्हाला तीस दिवस दिले ते लपवायला दिलेले नाहीत. माहिती का नाकारली हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) ने तुमच्यावर टाकली आहे, अर्जदारावर नाही. तुम्ही मात्र अर्जदाराने तुमच्यावर तक्रार केल्यासारखे वागता, आणि वर चहाच्या टपरीवर म्हणता की 'हे आरटीआयवाले सगळे ब्लॅकमेलर.' आहेत ना काही. अर्ज टाकायचा, ठेकेदाराला भेटायचं, पैसे घेऊन अर्ज मागे घ्यायचा, असा धंदा करणारे आहेत आणि ते हरामखोर आहेत. पण त्यांचा धंदा चालतो कशावर? तुमच्या बंद कपाटावर. जो कागद सगळ्या जगाला दिसतो, तो न दाखवण्याचे पैसे कोण देईल?

आणि राजकारण्यांनो, तुम्ही कशाला हसताय? हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला. त्यानंतर दिल्लीत आणि राज्यात सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली. विरोधात असताना प्रत्येकाला माहितीचा अधिकार हवा असतो, खुर्चीवर बसल्यावर प्रत्येकाला अर्जदार खुपतो. जात, बेकारी, महागाई यांवर भाषणं ठोकता. त्यातल्या एकाही प्रश्नावर पैसा कुठे गेला हे विचारलं की नस्ती आढळून येत नाही.

कलम ४ काढा आणि वाचा. कर्मचाऱ्यांचे अधिकार, पगार, अंदाजपत्रक, झालेला खर्च, लाभार्थ्यांच्या याद्या, सवलती आणि परवाने कोणाला दिले, असे सतरा मुद्दे कोणी न मागता प्रसिद्ध करायचे होते. दरवर्षी अद्ययावत करायचे होते. त्यासाठी एकशे वीस दिवसांची मुदत होती आणि ती २००५ सालीच संपली. तुमच्या संकेतस्थळावर त्या पानात अजून आधीच्या आधीच्या साहेबांचं नाव आहे आणि दुवा उघडत नाही. आधी ते सतरा मुद्दे टाका, त्यांच्याखाली प्रत्येक कामाची मोजमाप पुस्तिका स्कॅन करून लावा, आणि मग खुशाल अर्जदारांच्या नावाने बोटं मोडा.