अल्ट्रोज रेसर घ्यावी का? माझं मत

टाटांची अल्ट्रोज रेसर, म्हणजे अल्ट्रोजचीच जास्त ताकदीची आवृत्ती, जून २०२४ मध्ये बाजारात आली आणि आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, साडेनऊ लाखांत १२० पीएसची (अश्वशक्तीची) गाडी मिळतेय, अजून काय हवं? दुसरा म्हणतो, काळ्या बॉनेटवर दोन पांढरे पट्टे ओढले म्हणजे काय रेसर झाली का? मी चालवून आलो. ही स्पोर्ट्स कार नाही, हे दुसऱ्या तटाचं म्हणणं मला मान्य. पण नोकरी, घर, ईएमआय आणि म्हातारे आईवडील असलेल्या माणसाला मजेत चालवायला गाडी हवी असेल, तर माझ्या मते हिच्याइतका शहाणा सौदा नाही. का, ते सांगतो.

आधी कर बघा, कारण आपल्याकडची गाडी इंजिनिअरच्या आधी कर आखतो. रेसर आली तेव्हा, २०२४ मध्ये, लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर जीएसटी आणि सेस मिळून २९ टक्के लागायचे. इंजिन त्याच्यापुढे गेलं की थेट ४५ तरी. अल्ट्रोजची लांबी ३९९० मिलिमीटर आणि इंजिन ११९९ सीसी. हा योगायोग नव्हे. त्यामुळे 'दोन लिटरचं इंजिन टाकायला काय झालं होतं' असं कॉमेंटमध्ये लिहिणाऱ्यांनी ती गाडी किती लाखांना पडेल, हेही लिहावं. स्वस्तात वेग द्यायचा तर छोट्या इंजिनाला टर्बो (जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) लावणं हाच आपल्याकडचा मार्ग.

दुसरा, मोठ्या इंजिनाचा मार्ग कोणी चोखाळलाच नाही असंही नाही. आपल्या रांजणगावात २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंटो तयार झाली. १४०० सीसीच्या घरातलं टर्बो इंजिन, साधारण १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, किंमत ९.९५ लाख. आजही कागदावर ती रेसरच्या कानाखाली वाजवेल. पण चार मीटरच्या आत असूनही इंजिनामुळे छोट्या गाडीची करसवलत हुकली, घेणारे थोडेच निघाले आणि गाडी बंद झाली. खुद्द टाटांनी २०१८ मध्ये कोइम्बतूरच्या जयेम कंपनीबरोबर टियागो जेटीपी काढली, ६.३९ लाखांत ११४ पीएस. काय गाडी होती ती! बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि तीही गेली. त्याआधी २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात रेसमो दाखवली होती. दोन सीटची, खरीखुरी स्पोर्ट्स कार. ती शोरूमपर्यंत पोचलीच नाही.

आता रेसरकडे बघा. इंजिन नेक्सॉनचं, सांगाडा नेहमीच्या अल्ट्रोजचा. लोक हे नाक मुरडून सांगतात. मला हाच तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. नेक्सॉन गल्लोगल्ली दिसते. तिचं इंजिन खोलणारा मेकॅनिक लातूरला सापडेल, साताऱ्यालाही सापडेल. स्पोर्ट्स कारचं नातं शोरूममध्ये जुळतं, पण निभतं गॅरेजमध्ये.

चालवायला कशी? चांदणी चौकातून भूगावमार्गे पिरंगुटचा घाट चढून आलो. सोबत आईलाही घेतलं होतं, कारण घरच्या गाडीत शेवटी तीच मागे बसणार. अल्ट्रोजची दारं जवळजवळ ९० अंशांत उघडतात. आई गुडघा न धरता आत बसली. माझ्या दृष्टीने अर्धी परीक्षा तिथेच पास झाली. घाटात पुढे वाळूचा टेम्पो रखडत होता. समोरचा रस्ता मोकळा दिसला, तिसरा गिअर, पाय दाबला. इंजिन हळू फिरत असतानाच, १७५० आरपीएमपासून, १७० न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क (ओढण्याचं बळ) मिळतो, त्यामुळे दुसऱ्यावर यावंच लागलं नाही, टेम्पो मागे पडला. शेजारच्या सेल्सच्या पोराने सीटबेल्ट चाचपून बघितला. मागून 'सावकाश रे' आलंच. एक्झॉस्टचा आवाज मुद्दाम जरा खर्जात लावलाय. तीन सिलिंडरचं इंजिन आहे हे त्याने लपत नाही, पण कानाला बरं वाटतं. आधीच्या अल्ट्रोज आयटर्बोत ११० पीएस आणि पाचच गिअर होते. सहावा गिअर आल्याचं सुख एक्सप्रेसवेवर कळेल.

उणं काय? ऑटोमॅटिक नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दीड तास क्लच दाबणाऱ्याला हे वर्मी लागणार. माझा भाचा त्यातलाच. 'मामा, घेऊ का?' असं त्याने विचारलं तेव्हा मी त्याला ह्युंदाईच्या शोरूमकडे वळवलं, कारण आय२० एन लाइनला सात गिअरचं ड्युअल क्लच ऑटोमॅटिक मिळतं. एन लाइनला मागेही डिस्क ब्रेक आहेत. रेसरला मागे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेकच. नावात रेसर लिहायचं आणि ड्रम लावायचे, हे काही पटत नाही. सस्पेन्शन आणि स्टिअरिंगवरही ह्युंदाईने जास्त मेहनत घेतलीय. निव्वळ चालवण्याच्या हौसेसाठी कोणी एन लाइन घेतली तर मी वाद घालणार नाही. पण तिचे वरचे मॉडेल चांगलेच महाग पडतात, आणि २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवलेला अल्ट्रोजचा सांगाडा मला घरच्यांसाठी जास्त जवळचा वाटतो.

आता मॉडेलचं. बाजारात आली तेव्हा आर१ ९.४९ लाख, आर२ १०.४९, आर३ १०.९९. इंजिन, गिअरबॉक्स, १६ इंची चाकं, सहा एअरबॅग तिन्हींत सारखंच. वरचे पैसे सनरूफ, ३६० अंशांचा कॅमेरा आणि थंड हवेच्या सीटचे. शिवाय महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२. म्हणजे त्या किमतींना आर१ला साधारण एक लाख चार हजार, आर२ला एक लाख सव्वीस हजार. एक लाखाचा फरक सव्वा लाखाकडे सरकतो तो असा. वेगवान गाडीच्या टपावर काच बसवून वजन वाढवायचं आणि त्यासाठी आरटीओलाही जास्त द्यायचे, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. त्यापेक्षा आर१ घ्या आणि उरलेल्यातले थोडे पैसे चांगल्या टायरवर घाला. घाटात फरक टायर पाडतात.

मायलेज विचारणाऱ्यांना उत्तर देणार नाही. टर्बो आहे, पाय तुमचा आहे.

आणि घेतलीत तर नारिंगीच घ्या. पांढरी घेऊन 'रिसेलला बरी' म्हणणारे दोघेजण ग्रुपमध्ये आधीच भेटलेत.